दुसरा रिमोट तुझा

अगं, घे तो टीव्हीवरचा गेम. निःशंक मनाने घे. पण मुलं मागं लागलीत म्हणून घेऊ नकोस, तुम्हा सगळ्यांना मिळून करायला काहीतरी हवंय म्हणून घे. आणि घेतलास की एक रिमोट तुझ्या हातात हवा.

गेममुळे मुलं बिघडतील का, हे तू फोनवर विचारलंस. त्याबद्दल सांगतेच. पण बोलता बोलता तू म्हणालीस, ‘ते खेळत बसले की मी तेवढ्यात भाजी निवडून घेईन,’ आणि ते वाक्य काही केल्या माझ्या मनातून जात नाही. सकाळची लोकल, संध्याकाळी आल्या आल्या कुकर, मग मुलांचा अभ्यास, मग उद्याच्या डब्याची तयारी. एवढं सगळं करून आता घरात करमणुकीची एक वस्तू येणार, तर ती आल्याने तुला मिळणार काय, तर भाजी निवडायला मोकळा वेळ. हे मला पटत नाही. म्हणून जरा सविस्तर बोलू या.

आपल्या लहानपणी काकांकडे टीव्ही गेम होता, आठवतो ना? पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेलं ‘९९९९ इन १’, आणि आत खरे गेम मोजकेच. त्यातला ‘काँट्रा’ मूळचा कोनामी या जपानी कंपनीचा, १९८७ सालचा. आपल्यापर्यंत तो नकली यंत्रांवरून कितीतरी उशिरा पोचला. दोघांनी मिळून खेळायचा गेम. त्यात धबधब्याची एक लेव्हल होती. पडदा वर सरकत जायचा आणि एक जण भराभर चढला की खाली राहिलेला मरायचा. दादा कधी थांबला नाही. आपण दोघी दुसऱ्या रिमोटसाठी भांडायचो, पाळी आली की त्या धबधब्यात मरायचो आणि मग बाजूला बसून दादाचा खेळ बघायचो. पुढे दादा कॉलेजात गेला तरी खेळत राहिला, आणि आपण ‘मला नाही बाई त्यातलं कळत’ म्हणायला लागलो. आवड नव्हती असं नाही. आपल्यासाठी थांबणारं कुणी नव्हतं.

तुझ्या घरात थांबतील. आईला शिकवायला मिळतंय म्हटल्यावर मुलं किती मन लावून शिकवतात ते तुला दिसेलच. फक्त पहिल्या दिवशीच एक नियम घालून घे: शिकवताना समोरच्याच्या हातातून रिमोट ओढून घ्यायचा नाही. ‘दे इकडे, मी करून दाखवतो’ हे वाक्य बंद. तोंडाने सांगायचं, हाताने करायचं नाही. आमच्याकडे हा नियम सगळ्यांत कडक आहे, वेळेच्या नियमापेक्षाही.

आता पहिला गेम कुठला घ्यायचा. इथे बहुतेक घरांत घोळ होतो. मुलं त्यांच्या आवडीचा काहीतरी लावतात, आईच्या हातात रिमोट देतात, आई भिंतीवर धडका घेत राहते आणि पाच मिनिटांत उठून जाते. नव्या माणसाला बटणं अवघड जात नाहीत, ती पाठ होतात. अवघड जातात त्या दोन काड्या. हल्लीच्या बहुतेक गेममध्ये डाव्या अंगठ्याने चालायचं आणि त्याच वेळी उजव्या अंगठ्याने नजर फिरवायची, म्हणजे कॅमेरा वळवायचा. ज्यांचं लहानपण यात गेलं त्यांना ते आपोआप येतं, तुला-मला त्याला काही आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीला कॅमेरा स्वतःच जागेवर राहतो असे गेम निवडायचे. एवढं एक सांभाळलंस तर ‘माझ्याने नाही होणार’ म्हणायची वेळच येणार नाही.

माझं ऐकशील तर ‘ओव्हरकुक्ड’ने सुरुवात कर. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या दोघांच्या छोट्या कंपनीने २०१६ साली आणलेला गेम आहे. चार जण एका स्वयंपाकघरात. वर डाव्या कोपऱ्यात ऑर्डरी येतात. कांद्याचं सूप म्हणजे तीन कांदे चिरायचे, पातेल्यात टाकायचे, शिजलं की ताटलीत ओतायचं आणि खिडकीवर द्यायचं. पातेलं विसरलं की जळतं, मग आग लागते, आग शेजारच्या ओट्यांवर पसरते आणि कुणालातरी ती विझवायला धावावं लागतं. पुढे उष्ट्या ताटल्या परत यायला लागतात, त्या धुवायच्या. आणखी पुढे गेलं की स्वयंपाकघर शेजारी शेजारी धावणाऱ्या ट्रकांवर असतं, नाहीतर हेलकावणाऱ्या जहाजावर असतं आणि ओटेच जागा बदलतात.

आमच्याकडे हा लावला तेव्हा दोन्ही मुलं कांदेच चिरत सुटली होती. तुझे भावोजी पातेल्यापाशी उभे, मी ताटली शोधतेय, आणि धुतलेली ताटली एकही नाही. सासूबाई जपाची माळ घेऊन सोफ्यावर बसल्या होत्या. नव्या नवरीच्या वयापासून त्यांनी मोठ्या एकत्र कुटुंबाचा स्वयंपाक चालवलाय. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, ‘अरे, एकाने नुसतं चिरायचं. एकाने चुलीपासून हलायचं नाही. आणि मोरीवर कोण आहे?’ मोरीवर कुणीच नव्हतं. पुढच्या डावाला धाकटा मोरीवर उभा राहिला आणि पहिल्यांदाच तीन तारे मिळाले. तेव्हापासून आमच्या घरात कुठलीही लेव्हल सुरू करायच्या आधी विचारतात, ‘मोरीवर कोण?’ सासूबाई स्वतः रिमोट हातात घेत नाहीत, त्यांचे अंगठे दुखतात. पण वाटणी त्याच ठरवतात आणि त्यांच्याशिवाय डाव लागत नाही.

गेममध्ये ताटल्या धुणारा मुलगा जेवणानंतर खऱ्या मोरीवर जाऊन उभा राहतो, असं काही मी तुला सांगणार नाही. पण काम वाटून घ्यावं लागतं, आणि सगळं एकीवर पडलं की सूप जळतं, हे त्याने डोळ्यांनी बघितलंय. त्यावर त्याच्याशी बोलता येतं. पूर्वी मी हेच सांगायला गेले की त्याला ते रागावणं वाटायचं.

या गेमचे दोन्ही भाग एकत्र करून २०२० मध्ये ‘ऑल यू कॅन ईट’ नावाने आले, त्यात एक सोयीचा मोड आहे. ऑर्डरींना वेळ जास्त मिळतो, अडलेली लेव्हल सोडून पुढे जाता येतं. पहिले काही रविवार तो लावून खेळा. त्यात कमीपणा नाही. पाच वर्षांचं मूल, चाळिशीचे आपण आणि बारावीतला भाचा एका डावात बसणार असू, तर थोडी सवलत लागणारच.

याच कारणासाठी मला ‘मारिओ कार्ट’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम आवडतो. स्विच या यंत्रावरच्या आठव्या भागात गाडी आपोआप पुढे जाईल आणि रस्ता सोडून खाली पडणार नाही, अशी सोय प्रत्येक खेळाडूला वेगळी लावता येते. धाकट्यासाठी ती चालू ठेवायची, थोरलीसाठी बंद. शिवाय त्या गेमची रचनाच अशी, की जो मागे पडलाय त्याला जास्त जोरदार हत्यारं मिळतात, आणि पहिल्या नंबरवर असलेल्याला शोधत जाणारं निळं कवच तर प्रसिद्धच आहे. त्यामुळे शेवटच्या वळणापर्यंत कुणाचंही काहीही होऊ शकतं. मुलांशी खेळताना मुद्दाम हरू नकोस हं. त्यांना ते लगेच कळतं आणि अपमान वाटतो. गेममधली सवलत सगळ्यांना माहीत असते, म्हणून ती चालते.

मात्र शर्यत पहिल्या महिन्यात नकोच. आधी सगळे एका बाजूने खेळतात असे गेम, आणि हरायची थोडी सवय झाली की मग एकमेकांविरुद्ध. हरल्यावर धाकटं रडेल, आदळआपट करेल, ते त्या वयाला धरूनच आहे. आमच्याकडे रिमोट फेकला की त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपतो. ओरडायचं नाही, लांबलचक बोलायचं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा कोरी पाटी.

आपले बाबा आमच्याकडे आले की मुलं ‘स्टारड्यू व्हॅली’ लावतात. एरिक बॅरोन नावाच्या एका अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने बसून तो केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, सगळं त्याचं. २०१६ साली तो आला आणि दोन वर्षांनी त्यात एकत्र खेळायची सोय झाली. आजोबांनी ठेवलेली पडीक शेती करायला एक जण शहरातली नोकरी सोडून गावी येतो, अशी गोष्ट. अठ्ठावीस दिवसांचा एक ऋतू, ऋतू पालटला की त्या ऋतूचं पीक वाळतं, बियाणांचं दुकान बुधवारी बंद. पाऊस पडला की त्या दिवशी पाणी घालावं लागत नाही. बाबा खुर्ची ओढून जवळ बसतात आणि विचारतात, ‘एवढं बियाणं घेतलंस, पण महिना संपायला दिवस किती राहिलेत? पीक हाताशी येईल का?’ मुलांनी तो हिशेब केलेलाच नसतो. मग तिघं मिळून बोटांवर दिवस मोजतात. तिथल्या पैशांची थैली आमच्याकडे सगळ्यांची एकच आहे, त्यामुळे बी घ्यायचं की मोठी पिशवी, यावर दोघा भावंडांचा वाद होतो आणि तो बाबांकडे जातो. बाबांनी आयुष्यभर शेती केली आणि मुलांना त्यातलं काही सांगायला त्यांना कधी निमित्तच मिळालं नव्हतं. ते मिळालं याचं मला किती बरं वाटतं, हे लिहून कळणार नाही तुला. एकदा येऊन बघ.

‘माइनक्राफ्ट’बद्दल मी फार सांगत नाही, तुझ्या मुलीला ते माझ्यापेक्षा जास्त येतं. फक्त दिवाळीत अंगणात किल्ला करायच्या आधी तिला त्यात किल्ला बांधायला सांग. बुरूज कुठे, चोरवाट कुठे, दरवाजा कुठून दिसला नाही पाहिजे, हे ती पडद्यावर ठरवेल आणि मग हात मातीत घालेल. आमच्याकडे गेल्या दिवाळीत असंच झालं, आणि माती काही कमी लागली नाही.

आपल्या पुण्यातही गेम होतात हे मुलांना कळू दे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या कंपनीचा ‘राजी’ २०२० साली आला. भावाला सोडवायला राक्षसांशी लढणारी एक मुलगी, राजस्थानी वाड्यांसारख्या इमारती, आणि गोष्ट सांगायला छायाबाहुल्या. एकट्यानेच खेळायचा आहे, पण मेलं की रिमोट पुढच्याला, असं करत सगळे मिळून संपवता येतो. जरा मोठ्या मुलांसाठी.

आणि एक तुझ्यासाठी आणि भावजींसाठी. तुमचं दोघांचं बोलणं हल्ली शाळेची फी, दूधवाला आणि उद्या कोण लवकर निघणार यापलीकडे जात नाही, असं तूच म्हणालीस. मुलं झोपली की ‘इट टेक्स टू’ लावा. हेझलाइट या स्वीडिश स्टुडिओचा गेम, २०२१ साली त्याला वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून मोठा पुरस्कार मिळाला. एकट्याने तो खेळताच येत नाही, दोघंच लागतात. घटस्फोट घ्यायला निघालेलं जोडपं मुलीच्या बाहुल्यांत अडकतं आणि तिथून सुटायला त्यांना एकमेकांची मदत घ्यावीच लागते. एकाकडे खिळे, दुसरीकडे हातोडी. त्याने खिळा मारल्याशिवाय तिला त्याला लटकून पलीकडे जाता येत नाही. यात मात्र कॅमेरा फिरवावा लागतो, म्हणून हात बसल्यावर घे. मुलांसमोर नको. मध्ये एका खेळण्यातल्या हत्तिणीचा प्रसंग आहे, तो मोठ्या माणसालाही बघवत नाही, लहान मूल तर रात्रभर रडेल. पॅकिंगवर बारा वर्षांपुढे लिहिलंय ते उगीच नाही.

वयाचा हा आकडा प्रत्येक वेळी बघायचाच. फोनच्या प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमखाली ३, ७, १२, १६ किंवा १८ लिहिलेलं असतं. ‘वर्गातली सगळी मुलं जीटीए खेळतात’ असं तुझा मुलगा सांगेल. सगळी खेळत असतील. तो गेम अठराच्या पुढच्यांसाठी आहे आणि आपल्या घरात अठराच्या पुढेच येईल, एवढं शांतपणे सांगून विषय संपव.

टीव्ही एक आणि माणसं सहा, हा तुझा खरा प्रश्न आहे. सासूबाईंची मालिका बंद करून गेम लावायचा नाही. पहिल्याच दिवशी घरात दोन पक्ष पडतील आणि गेमवर राग बसेल तो कायमचा. आम्ही रविवारी दुपारी चार ते सहा ठरवलंय. जेवणं होऊन वामकुक्षी झालेली असते, संध्याकाळचे महाएपिसोड सुरू व्हायला अवकाश असतो. चहा सुरुवातीला एकदाच होतो, मधे कुणी उठून काही करून आणत नाही. मीही नाही. रात्री मुगाची खिचडी, पापड आणि लोणचं, ते कुणालाही टाकता येतं. ही सवय लागायला घराला वेळ लागतो. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ‘आई, जरा शेंगदाणे दे ना’ येईलच. ‘पॉज करते आणि सगळे मिळून घेऊ’ म्हण.

पॉजवरून आठवलं. थांबवता येतो तो गेम आणि थांबवता न येणारा गेम, यांतला फरक तुला कळलेला असला की घरातली निम्मी भांडणं मिटतात. ‘ओव्हरकुक्ड’ हवा तेव्हा थांबतो. ‘स्टारड्यू’मध्ये एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा असतो आणि तो दिवस संपून झोपल्यावरच खेळ सेव्ह होतो, म्हणून ‘हा दिवस संपवून उठ’ म्हणणं रास्त. पण फोनवरचा बीजीएमआय हा लढाईचा गेम अनोळखी लोकांबरोबर इंटरनेटवर चालतो. त्याची मोठ्या मैदानावरची मॅच अर्ध्या तासापर्यंत जाते आणि मधेच उठलं तर बरोबरचे तिघं अडचणीत येतात. ‘आई, पाच मिनिटं’ म्हणणारा मुलगा दरवेळी उद्धटपणा करत असतो असं नाही, त्याला खरंच थांबता येत नसतं. तेव्हा जेवायला हाक मारायच्या आधी अर्धा तास ‘आता नवी मॅच लावू नकोस’ हे सांगायचं. आणि हो, तुमच्याकडे लाइट जाते, म्हणून सेव्हची ती गोल फिरणारी खूण दिसत असताना टीव्हीचं बटण कुणी बंद करायचं नाही, हे सासऱ्यांनाही सांगून ठेव.

पैशाचं आता स्पष्ट बोलते. महागडं यंत्र लगेच घेऊ नकोस. घरात लॅपटॉप असेल तर एक एचडीएमआय केबल, दोन यूएसबी रिमोट, एवढ्यावर टीव्हीवर खेळता येतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात उन्हाळ्यात आणि डिसेंबरच्या सुमारास मोठे सेल असतात, तेव्हा यातले कितीतरी गेम अगदी स्वस्तात मिळतात. स्विच घ्यायचा ठरलाच तर दुकानात आधी विचार की वॉरंटी कुणाची. आपल्याकडे दिसतात ते बहुतेक आयात केलेले असतात.

फुकट मिळणारे गेम मला नको वाटतात, हे माझं ठाम मत. उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत, मग कपडे, नाणी, आत काय आहे ते न सांगता विकलेल्या पेट्या. बेल्जियमने २०१८ सालीच अशा पेट्यांना जुगार ठरवलं. एकदा पैसे देऊन घेतलेला गेम सहसा पुन्हा हात पसरत नाही, म्हणून वर्षाच्या शेवटी तोच स्वस्त पडतो. फोनवर खरेदीसाठी दरवेळी पासवर्ड विचारला जाईल अशी सेटिंग आजच कर, आणि मुलांचं खातं वेगळं काढून त्याची खर्चाची मर्यादा शून्य ठेव. पैसे लावून खेळायचे रमीबिमीचे ॲप हा तर छंदच नव्हे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घातली आहे. घरात कुणी मोठं माणूस त्यात अडकलेलं असेल तर त्याच्याशी बोल, पण मुलांच्या गेमशी त्याची सरमिसळ करू नकोस.

राहिलं ते व्यसनाचं. तू घाबरलीस ते मी समजू शकते, रोज पेपरात काहीतरी येतंच. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगच्या विकाराला जागा दिली आहे आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्यांनी खूण काय सांगितली आहे ते नीट बघ. खेळणं हातात राहत नाही, बाकी सगळ्याच्या वर ते येऊन बसतं, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, आणि असं साधारण वर्षभर चालतं. उत्साहाने खेळणारं मूल म्हणजे आजारी मूल नव्हे. मुलाची झोप, शाळा, मित्र, जेवण जागेवर असेल तर त्याला त्याच्या तोंडावर ‘व्यसनी’ म्हणू नकोस, तो शब्द मुलं विसरत नाहीत. उलट यातलं काही ढासळताना दिसलं तर वर्षभर वाट बघत बसू नकोस, लगेच समुपदेशकाकडे जा. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून यासाठी खास क्लिनिक आहे, म्हणजे या विषयातले जाणकार आपल्या देशात आहेत, आणि त्यांच्याकडे जाण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मला विचारशील तर मूल एकटं, बंद खोलीत, कानात हेडफोन घालून, कुणाबरोबर खेळतंय ते घरात कुणालाच माहीत नाही, याची मला जास्त काळजी वाटते. म्हणून यंत्र दिवाणखान्यातच. आणि बक्षीस म्हणून गेम देऊ नकोस, शिक्षा म्हणून काढून घेऊ नकोस. ‘गणितात नव्वद पाड, मग देते’ म्हटलं की गणित ओझं होतं आणि गेमला नको तेवढं मोल चढतं. रविवारी चार वाजता तो असतोच, मार्क काहीही पडोत. बोर्डाच्या वर्षी वेळ कमी करायचा असेल तर तो सगळ्यांचाच कमी कर, एकट्या तुझ्या लेकीचा नको. तिला बंद खोलीत धडे आणि बाहेर आपण टाळ्या पिटतोय, असं होता कामा नये.

आणि तू दमलेली असशील त्या रविवारी खेळू नकोस. झोप. छंद आहे तो, त्याचंही कर्तव्य करून ठेवू नकोस. फक्त न खेळण्याचं कारण तुझी झोप असावी, ओट्यावरचं काम नसावं.

घाईने काही विकत घेऊ नकोस. मे महिन्याच्या सुट्टीत भावजींना आणि मुलांना घेऊन चार दिवस इकडे ये. आमच्याकडे आहे ते सगळं खेळून बघ, तुझ्या हाताला काय जमतं, मनाला काय आवडतं ते ठरव, आणि मगच पैसे खर्च कर.